मुंबईचं ताज हॉटेल: त्याच्या इतिहासाबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

अपोलो बंदरच्या ताजबद्दल जेवढं ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं ऐकीव असतं, टूर गाइडने सांगितलं, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलं, आणि मग तेच इतिहास म्हणून फिरत राहतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीयत, कारण ज्या लोकांनी हे हॉटेल खरंच उभं केलं आणि चालवलं त्यांची नावं पुसट होत चाललीयत आणि ती नीट सांगायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

ताज नक्की कधी सुरू झालं?

१६ डिसेंबर १९०३. पहिल्या दिवशी १७ पाहुणे होते असं सांगतात. तेव्हा इमारत पूर्ण झालेली नव्हती, जेवढा भाग तयार होता तेवढ्यावर सुरुवात केली आणि बाकीचं काम मागाहून चालू राहिलं. जागा १८९८ मध्ये लीजवर घेतलेली. हा काळ जरा डोळ्यासमोर आणा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक घरदार सोडून गावाकडे पळत होते, गिरण्या ओस पडायला लागल्या, बाहेरच्यांना मुंबईत पाऊल टाकायची भीती वाटायची. अशा वेळी जमशेटजी टाटांनी समुद्राला लागून एवढं मोठं हॉटेल काढायचं ठरवलं.

जमशेटजींना वॉटसन हॉटेलात भारतीय म्हणून आत घेतलं नाही, त्या रागातून त्यांनी ताज बांधलं, हे खरं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. खरं सांगायचं तर याला भक्कम पुरावा नाही. वॉटसन हॉटेल होतं हे खरं, काळा घोड्याजवळ, लोखंडी सांगाड्याची इमारत, १८६० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिलेली, तिथे फक्त युरोपियन लोकांना प्रवेश असायचा असं सांगितलं जातं, आणि ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंचा सिनेमाचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. ती इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून मोडकळीला आलेली उभी आहे, जाऊन बघा, वाईट वाटतं.

पण अपमानाची गोष्ट जमशेटजींनी स्वतः कुठे लिहून ठेवलेली नाही. त्यांचे स्नेही आणि टाइम्स ऑफ इंडियाचे तेव्हाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी जे सांगितलंय ते वेगळंच आहे. जमशेटजींना हॉटेलचे मालक व्हायची हौस नव्हती, लोकांनी भारतात यावं आणि मुंबईचं नाव व्हावं ही त्यांची इच्छा होती, आणि मुंबईच्या हॉटेलांच्या दर्जाबद्दल फ्रेझर स्वतःच त्यांच्यामागे भुणभुण करायचे. मला हे कारण त्या अपमानाच्या कथेपेक्षा मोठं वाटतं. रागाने माणूस एखादी गोष्ट करून मोकळा होतो, पण इथे त्याच माणसाच्या डोक्यात त्याच वेळी बंगळुरूची विज्ञान संस्था होती, पोलादाचा कारखाना होता, आणि आपल्या लोणावळा-खोपोलीकडच्या पाण्यावर वीज तयार करायची योजना होती. या चारातलं फक्त ताज त्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइमला ते वारले, म्हणजे हॉटेल उघडून जेमतेम पाच महिने.

घरच्यांनाही हे हॉटेल प्रकरण फारसं पटलेलं नव्हतं. विज्ञान संस्था काढतोस, लोखंडाचा कारखाना काढतोस आणि आता हा भटारखाना कशाला, असं त्यांची बहीण म्हणाली अशी आठवण टाटांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते.

आर्किटेक्ट कोण होता? इंग्रज ना?

नाही! म्हणजे शेवटी काम पूर्ण केलं ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने, पण मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. वैद्य हा आपला मराठी माणूस. व्हीटी स्टेशन, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधलं जात असताना त्याचे आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली असिस्टंट इंजिनिअर म्हणून वैद्यच होते. मुंबईची ओळख म्हणून ज्या दोन इमारतींचे फोटो जगभर छापले जातात त्या दोन्हींच्या कामात एकच मराठी नाव आहे, आणि शाळेच्या पुस्तकात राहू दे, स्टेशनवर रोज उतरणाऱ्या लोकांनाही ते माहीत नसतं. काम पूर्ण व्हायच्या आधीच वैद्य वारले आणि चेंबर्सनी ते हातात घेतलं.

कॉन्ट्रॅक्टर होते खानसाहेब सोराबजी रुतनजी. आतला मधला जिना त्यांचाच.

त्या जिन्यात एवढं काय आहे?

जुन्या इमारतीत मधोमध, घुमटाच्या खाली उभं राहून मान वर करा. जिना चौकाच्या चारी भिंतींना धरून मजल्यामागून मजला वर चढत जातो आणि मधली सगळी जागा मोकळी, खालून आधाराला खांब नाही. दगडी पायऱ्या एका बाजूने भिंतीत रुतवलेल्या, दुसरं टोक हवेत. वर नजर जाते ती थेट घुमटापर्यंत. त्या काळात काँक्रीटच्या स्लॅबचा जमाना नव्हता, हे सगळं दगड बसवणाऱ्या गवंड्यांच्या हाताच्या अंदाजावर. जिन्याच्या तळाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. ताज बघायला गेलात आणि हे न बघता फक्त कॉफी पिऊन आलात तर मुख्य गोष्ट राहिली.

हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते बघून आर्किटेक्टने आत्महत्या केली, हे खरं का?

नाही, नाही आणि नाही. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की आता चीड येते, कारण त्यात एका हुशार माणसाच्या नावावर चूकही लावली जाते आणि खोटं मरणही.

आधी साधी गोष्ट बघू. वैद्य काम चालू असताना वारले, मग पूर्ण झालेली इमारत बघून जीव द्यायचा प्रश्नच कुठे येतो. चेंबर्सनी हॉटेल पूर्ण करून दिलं. मग आत्महत्या केली कोणी?

आता उलटं म्हणजे काय ते. सुरुवातीला हॉटेलचं मुख्य दार समुद्राकडे नव्हतं, शहराच्या बाजूला होतं, जिथे आता स्विमिंग पूल आहे त्या बाजूला. इमारतीचा आकार इंग्रजी यू सारखा, आणि त्या यू चं उघडं तोंड शहराकडे. लोकांना वाटतं समुद्र पुढे असताना दार मागे कसं? तर विचार करा, १९०३ मध्ये लोक घोडागाडीने यायचे, ते फोर्टच्या बाजूने, म्हणून गाड्या थांबायला ऐसपैस जागा त्याच बाजूला हवी. दुसरं म्हणजे दुपारनंतरचा वारा बॅक बे कडून, म्हणजे शहरापलीकडच्या पश्चिमेच्या समुद्राकडून येतो, तो दोन विंगांच्या मधे शिरून खोल्यांमध्ये खेळावा. आणि तिसरं, लांबच्या लांब समोरची बाजू अख्खी बंदराकडे मोकळी राहिली की जास्तीत जास्त खोल्यांना समुद्र दिसतो. एसी नसलेल्या काळात दमट मुंबईत हॉटेल बांधायचं तर असाच विचार करावा लागतो. पुढे मोटारी आल्या, गेटवेचा परिसर तयार झाला, माणसांची वर्दळ समुद्राच्या बाजूला सरकली आणि मग दारही तिकडे गेलं. एवढंच आहे.

आधी गेटवे ऑफ इंडिया की आधी ताज?

ताज, आणि तेही २१ वर्षं आधी. गेटवेचा पायाचा दगड ३१ मार्च १९११ ला बसला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आले तेव्हा तिथे पुठ्ठ्याचं मॉडेल होतं, जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, मग समुद्रात भराव टाकून जागा तयार केली आणि ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन झालं. त्याआधी त्या ठिकाणी साधा धक्का होता, कोळी लोक होड्या लावायचे. जुनी माणसं पालवा बंदर म्हणायची ते हेच. म्हणजे सुरुवातीची वीसेक वर्षं ताजमधून खाली बघितलं की कमान वगैरे काही नाही, बोटी, मासळी आणि थेट पाणी. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून आधी ताजचा घुमट दिसायचा.

२८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्री ही ब्रिटिशांची शेवटची पलटण याच गेटवेतून बोटीत बसून गेली, हॉटेलच्या अगदी समोरून. आणि शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा तिथे २६ जानेवारी १९६१ ला बसला, महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा.

सुरुवातीला आत काय सोयी होत्या? भाडं किती?

विजेचे दिवे, ही सगळ्यात मोठी गोष्ट, तेव्हा शहरातल्या बड्या घरांतही गॅस नाहीतर रॉकेल चालायचं. पंखे अमेरिकन, लिफ्ट जर्मन, टर्किश बाथ, हॉटेलची स्वतःची लॉन्ड्री, सोडावॉटर भरायचं यंत्र, बर्फ तयार करायचा प्लांट. बऱ्याचशा वस्तू जमशेटजींनी स्वतः युरोपात फिरून निवडल्या. भाडं दहा रुपये, पंखा आणि अॅटॅच्ड बाथरूम हवं तर तेरा, असं सांगतात. ऐकायला स्वस्त वाटतं, पण तेव्हा गिरणीतल्या कामगाराचा महिन्याचा पगार त्याच्या आसपास असायचा, म्हणजे सामान्य माणसाने एक रात्र राहायचं तर महिनाभराची कमाई.

घुमट आयफेल टॉवरच्याच लोखंडाचा आहे का?

असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. जमशेटजींनी पॅरिसहून लोखंडी खांब मागवले आणि ते बॉलरूममध्ये लावले ही गोष्ट टाटांच्या इतिहासात आहे, त्याचीच पुढे आयफेल टॉवर झाली असावी. मी तरी हे ठासून सांगणार नाही.

पहिल्या महायुद्धात इथे हॉस्पिटल होतं?

हो, ६०० खाटांचं. बाहेरच्या आघाड्यांवरून जखमी सैनिक बोटीने मुंबईला यायचे, बंदराला लागून एवढी मोठी हवेशीर इमारत दुसरी कुठे होती.

कोण कोण मोठी माणसं राहून गेली?

यादी करत बसलं तर संपायची नाही, राजे, संस्थानिक, राष्ट्राध्यक्ष, नट, गायक. सरोजिनी नायडू मुंबईत असल्या की ताजमध्ये मुक्काम असायचा आणि त्यांच्या खोलीत राजकारणाच्या बैठका व्हायच्या. बॅरिस्टर जिनांची पत्नी रतनबाई वेगळं झाल्यावर शेवटच्या काळात ताजमध्ये राहत होती, १९२९ मध्ये ती गेली तेव्हा वय फक्त २९. १९६६ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला, खोटं नाव लावून ताजमध्ये उतरला, पण बातमी फुटलीच आणि पोरं बाहेर गर्दी करून उभी राहिली. २००८ नंतर बराक ओबामा नोव्हेंबर २०१० मध्ये मुद्दाम इथेच राहिले.

ताज आणि गोव्याचा काय संबंध?

खूप जवळचा, आणि यावर कुणी विचारलं की मला फार आनंद होतो.

१९३५ च्या सुमाराला लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवाला आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे लोक आले. अमेरिकेत या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने जाऊ द्यायचे नाहीत, इथे ते बॉलरूमचे मानकरी होते. आणि त्यांच्या बाजूला बसून वाजवायला कोण? गोंयकार. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणापासून नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, त्यामुळे पाश्चात्य संगीत कागदावरून वाचून वाजवणारे लोक मुंबईला गोव्यातूनच मिळायचे. धोबीतलावच्या गावकुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या क्लबांमध्ये, एक ट्रंक ठेवायला जागा घेऊन राहायचं आणि संध्याकाळी सूट घालून ताजमध्ये वाजवायला जायचं असं कित्येकांचं आयुष्य गेलं.

मिकी कोरिया हे मूळ गोव्याच्या घराण्यातले, १९३९ पासून जवळजवळ दोन दशकं त्यांचा बँड ताजमध्ये होता. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, तो ट्रम्पेट वाजवायचा आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जायचा. हाच चिक दिवसा स्टुडिओत आपल्या सी. रामचंद्र अण्णांकडे अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बसवणारा. म्हणजे अण्णांच्या पन्नाशीच्या दशकातल्या गाण्यांमध्ये तो जो ब्रासचा झगझगीत आवाज येतो, तो ताजच्या बॉलरूममधून चालत आलेला आहे. आपण ती गाणी लग्नाच्या वरातीत सुद्धा वाजवतो आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा संबंध उलट्या दिशेचा. १९७४ मध्ये ताजने सिकेरी-कांदोळीला आग्वाद किल्ल्याच्या कुशीत रिसॉर्ट काढलं, तेव्हा कंपनी अजित केरकर चालवत होते. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख तिथे राहून गेले आणि गोव्याच्या टुरिझमला जी गती आली ती सगळ्यांना माहितीय.

हार्बर बार खरंच मुंबईतला पहिला लायसन्सवाला बार आहे का?

१९३३ मध्ये सुरू झाला आणि शहरातलं पहिलं बार लायसन्स त्यांचं असं ते सांगतात. पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि मुंबईतला सगळाच हा धंदा परमिटवर गेला, बॉलरूमचं वातावरणही तेव्हापासून उतरत गेलं आणि जॅझवाल्यांची कामंही कमी झाली, त्यातले बरेच सिनेमाकडे वळले.

बाजूचा उंच टॉवर कधी बांधला? तो जुन्या इमारतीला शोभत नाही असं वाटतं.

१९७३ चा आहे. तिथे आधी ग्रीन्स नावाचं जुनं हॉटेल होतं, तेही ताजकडेच आलेलं, ते पाडून टॉवर उभा केला. शोभतो की नाही यावर मुंबईकर अजून भांडतात. माझ्या मते वरच्या कमानी आणि झरोक्यासारखी नक्षी जुन्या इमारतीशी जुळवून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न होता, पण ग्रीन्स पाडायला नको होतं. एक मात्र मान्य करायला हवं, तेव्हा खोल्या वाढल्या नसत्या तर जुनी इमारत एकटीच्या जोरावर तगली असती का हा प्रश्नच होता.

जेवणाखाण्यातलं काही ऐतिहासिक?

गोल्डन ड्रॅगन. १९७३ मध्ये सेझवान जेवण भारतात पहिल्यांदा इथे आलं असं मानतात, आज नाक्यावरच्या गाडीवर शेझवान डोसा मिळतो त्याची सुरुवात शोधत गेलं तर इथपर्यंत येते. आणि पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज, खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. पारशी, गुजराती घरांमध्ये मुलगा-मुलगी बघायचा कार्यक्रम कित्येक वर्षं इथे चहावर व्हायचा. हाय टीमध्ये केक-सँडविचच्या शेजारी भेळही असते.

२६/११ ला ताजमध्ये नेमकं काय झालं?

२६ नोव्हेंबर २००८ ला रात्री चार अतिरेकी हॉटेलात घुसले, त्यातले दोघे आधी लिओपोल्ड कॅफेत गोळीबार करून आले होते. २९ तारखेच्या सकाळी शेवटचा मारला गेला. ताजमध्ये ३१ जणांचा जीव गेला, त्यात हॉटेलचे कर्मचारी बरेच होते.

हे कर्मचारी पळून जाऊ शकले असते, त्यांना मागचे सगळे दरवाजे, किचनमधले जिने, सर्व्हिसचे बोळ पाठ होते. ते गेले नाहीत. वेटर, टेलिफोन ऑपरेटर, किचनमधले शेफ यांनी पाहुण्यांना लपवलं, पाणी दिलं, अंधारात बाहेर काढताना स्वतः पाहुण्यांच्या आणि गोळ्यांच्या मधे उभे राहिले. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर आगीत गेली, तरी ते ड्युटीवर राहिले.

पोलिसांकडे सुरुवातीला धड शस्त्रंही नव्हती. डीसीपी विश्वास नांगरे-पाटील मोजक्या पोलिसांना घेऊन आत शिरले आणि सीसीटीव्ही रूमपर्यंत पोचून अतिरेक्यांच्या हालचाली बाहेर कळवत राहिले. राज्य राखीव दलाचा जवान राहुल शिंदे, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातला, तिथेच शहीद झाला, त्याच्या गावाने आता त्याचं नाव लावलंय. नौदलाचे मार्कोस कमांडो आले, मग एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल आलं आणि मेजर संदीप उन्नीकृष्णन जुन्या इमारतीत लढताना गेले, त्यांना अशोक चक्र मिळालं. ताजचं नाव घेताना ही नावं घेतली पाहिजेत. (२००३ मध्ये २५ ऑगस्टला गेटवेसमोर टॅक्सीत झालेला स्फोट लोक विसरून जातात, तोही याच हॉटेलच्या समोर झाला होता.)

परत कधी उघडलं?

टॉवर २१ डिसेंबर २००८ ला, म्हणजे महिना व्हायच्या आत. जुन्या इमारतीला आगीने आणि आग विझवायच्या पाण्याने फार नुकसान झालेलं, जुन्या लाकडापासून चित्रांपर्यंत एकेक वस्तू दुरुस्त करत करत १५ ऑगस्ट २०१० ला ती पूर्ण उघडली. आत ३१ नावांचं स्मारक आहे.

इमारतीचा फोटो काढायला परवानगी लागते का? ट्रेडमार्क आहे म्हणे.

२०१७ मध्ये इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क घेतला, भारतात असं पहिल्यांदाच झालं. पण तुम्ही गेटवेवर उभं राहून सेल्फी काढायला काहीच हरकत नाही. टी-शर्ट, कपबशा, जाहिरात असं विकण्यासाठी वापरायचं असेल तरच परवानगीचा प्रश्न येतो.

राहायचं नसेल तर आत जाऊन बघता येतं का?

येतं. सिक्युरिटी चेक करून लॉबीत जाता येतं, सी लाउंजला किंवा शामियाना या रेस्टॉरंटला काही खायला बसता येतं, सी लाउंजचं आधी बुकिंग करून जा. गाइड घेऊन फिरवणारा हेरिटेज वॉक असतो तो मुख्यतः तिथे राहणाऱ्यांसाठी, तरी विचारून बघायला हरकत नाही. बाहेरून बघायचं असेल तर सकाळी लवकर जा, घारापुरीच्या लाँचची गर्दी सुरू व्हायच्या आत. सूर्य बंदराच्या बाजूने उगवतो, त्यामुळे तेव्हा समोरच्या बाजूवर सरळ ऊन असतं आणि झरोक्यांचं कोरीवकाम स्पष्ट दिसतं. मग मागच्या गल्लीतूनही एक चक्कर मारा, म्हणजे दाराबद्दल वर जे लिहिलंय ते जागेवर उभं राहून कळेल, आणि सोबत मुलं असतील तर त्यांना वैद्यांचं नाव सांगा.